दळ्हनेमी राजाचे राष्ट्र
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही आपल्यापुढे एका राष्ट्राची हकीकत मांडणार आहोत. हे राष्ट्र कोणत्याही नकाशावर नाही. त्याचे नाणे कोणत्या उत्खननात सापडले नाही, त्याच्या राजांची नावे कोणत्या शिलालेखात कोरलेली नाहीत. ते आहे फक्त दीघनिकायात. पाथिकवग्गातील सव्विसावे सुत्त, चक्कवत्ती सीहनाद सुत्त, यात त्याचा उदय आहे, नाश आहे आणि पुन्हा उभे राहणेही आहे. मगध देशात मातुला नावाच्या ठिकाणी भगवान बुद्धांनी भिक्खूंना ही कथा सांगितली, असे सुत्ताच्या आरंभीच म्हटले आहे.

हा विषय घेण्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात हे सुत्त वाचायला घेतले, तेव्हा महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने हात वर केला. तो म्हणाला, सर, बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण पुराणे सोडली. आता इथे ऐंशी हजार वर्षे जगणारी माणसे आहेत, आकाशातून फिरणारे चक्र आहे. मग यात आणि पुराणात फरक काय? प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, प्रामाणिक होता. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराची दुसरी खेप समजावी.

तेव्हा आधी कथा.

फार पूर्वी दळ्हनेमी नावाचा चक्रवर्ती राजा होता. समुद्रापर्यंत पसरलेली पृथ्वी त्याने दंडाशिवाय, शस्त्राशिवाय, धम्माने जिंकली होती. त्याच्याजवळ सात रत्ने होती. चक्र, हत्ती, अश्व, मणी, स्त्री, गृहपती आणि परिणायक म्हणजे सल्लागार. (स्त्रीला हत्ती-घोड्यांच्या रांगेत बसवले आहे, हे आम्हाला खटकते. जे खटकते ते झाकून ठेवून ग्रंथाचा आदर वाढत नाही.) यांतील चक्ररत्न हे मुख्य. ते आपल्या जागी स्थिर असेपर्यंत राज्य स्थिर. राजाने एका माणसाला नेमून ठेवले होते, की चक्र जागेवरून ढळलेले दिसले तर मला कळव. पुष्कळ काळाने तसे झाले. राजाने ओळखले, आपले दिवस भरत आले. थोरल्या मुलाच्या हाती राज्य देऊन त्याने केस-दाढी उतरवली आणि तो घर सोडून निघाला. सातव्या दिवशी चक्र दिसेनासे झाले.

नवा राजा घाबरला. तो बापाकडे गेला. बापाने जे सांगितले ते या सुत्ताचे पहिले मोठे वाक्य आहे. ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. बापाने त्याला बजावले की हे चक्र म्हणजे तुझी वडिलार्जित मिळकत नव्हे. ते वारसाहक्काने मिळत नाही. चक्रवर्तीचे व्रत पाळशील तर ते तुझ्यासाठी प्रकट होईल.

मित्रहो, जन्मावर सर्व काही ठरवणाऱ्या समाजात हे सांगितले गेले आहे. ब्राह्मणाचा मुलगा ब्राह्मण, राजाचा मुलगा राजा, आणि गावकुसाबाहेरच्याचा मुलगा गावकुसाबाहेरच. त्या समाजात राजाच्या मुलाला राजाच सांगतो, की गादी तुला मिळाली, पण चक्र मिळणार नाही.

मग ते व्रत कोणते? धम्माचा आधार घेऊन सर्वांचे रक्षण करणे. या सर्वांची यादी दिली आहे. घरची माणसे, सैन्य, मांडलिक क्षत्रिय, अनुयायी, ब्राह्मण व गृहस्थ, नगरातले व जनपदातले लोक, श्रमण, आणि शेवटी पशू व पक्षीसुद्धा. राज्यात अधर्म चालू न देणे. राज्यात जे निर्धन असतील त्यांना धन देणे. आणि संयमी श्रमणांकडे वेळोवेळी जाऊन काय कुशल, काय अकुशल हे विचारणे. बस्स, एवढेच. यज्ञ नाही, होम नाही, अभिषेकाचा थाट नाही.

यादी वाचताना आम्ही आपल्याला शोधत होतो. चांडाळ, पुक्कुस ही नावे त्यात नाहीत. पशुपक्षी आहेत, पण ही नावे नाहीत. क्षणभर मन खट्टू झाले. मग पुढचा शब्द आला, ‘अधन’. ज्यांच्याजवळ धन नाही ते सगळे. त्याला जात लावलेली नाही. या एका शब्दात आम्ही बसतो, आणि आमच्यासारखे आणखीही पुष्कळ बसतात.

व्रत पाळल्यावर चक्र प्रकट झाले. ते पूर्वेकडे निघाले, राजा सैन्यासह मागोमाग. तिकडच्या राजांनी स्वागत करून त्यालाच राज्य करण्याची विनंती केली. चक्रवर्तीने त्यांना काय सांगितले? खंडणी मागितली नाही. हिंसा करू नका, न दिलेले घेऊ नका, व्यभिचार करू नका, खोटे बोलू नका, मद्य पिऊ नका, आणि पूर्वीप्रमाणे आपला कारभार चालवा. आपण दर रविवारी विहारात म्हणतो ते पंचशील, तेच या राष्ट्राचे परराष्ट्र धोरण. मग चारही दिशा झाल्या. असे सात चक्रवर्ती एकामागून एक झाले. सुत्त हा भाग भराभर सांगते, आम्हीही थांबत नाही.

आता घात कसा झाला ते पाहू.

सातव्यानंतरचा जो राजा आला, त्याचेही चक्र नाहीसे झाले. त्यालाही दुःख झाले. पण तो विचारायला गेला नाही. आपल्याच मताने राज्य करू लागला. पालीत यासाठी ‘समतेन’ असा शब्द आहे. विद्यार्थ्यांनी घोटाळा करू नये, आपल्या समतेशी त्याचा संबंध नाही. स्वमताने, मन मानेल तसे, असा त्याचा अर्थ. राष्ट्राची पूर्वीसारखी भरभराट होईना. तेव्हा अमात्य, खजिन्याचे अधिकारी, द्वारपाल, मंत्री गोळा झाले आणि म्हणाले, महाराज, व्रत आम्हाला माहीत आहे, विचारा. राजाने विचारले, त्यांनी सांगितले. राजाने ऐकलेही. त्याने रक्षणाची व्यवस्था धर्माप्रमाणे लावली. सैन्य लावले, पहारे लावले. एकच गोष्ट केली नाही. निर्धनांना धन दिले नाही.

हा राजा दुष्ट नव्हता, हे लक्षात घ्यावे. तो प्रजेला छळत नाही, दारू पिऊन पडत नाही, मंत्र्यांचे ऐकतो. व्रतातले बहुतेक सगळे करतो. अंदाजपत्रकातले एकच कलम गाळतो. सगळा विनाश त्या गाळलेल्या कलमातून निघतो. ही कथा सांगणाऱ्याची नजर किती बारीक असली पाहिजे!

दारिद्र्य वाढले. एका माणसाने चोरी केली. लोकांनी त्याला पकडून राजापुढे उभे केले. राजाने विचारले, खरे का? तो म्हणाला, खरे. का केलीस? तर जगता येत नाही म्हणून. राजाने त्याला धन दिले. यावर तू जग, आईबापाला, बायकामुलांना पोस, धंदा कर, दानधर्म कर. पुढे दुसरा चोर आला, त्यालाही दिले. गावात बातमी पसरली की चोरी केली तर राजा धन देतो. मग आपणही करू या, असे लोक म्हणू लागले.

इथे सभेत नेहमी हशा होतो, आणि सुत्त सांगणाऱ्यालाही तो अपेक्षित असावा. पण हसून पुढे गेलो तर मुख्य गोष्ट हातची जाते. राजाने धन दिले ते निर्धनाला नव्हे, चोराला दिले. तो दरिद्री होता तोपर्यंत राजाला दिसला नाही. गुन्हेगार होऊन समोर आला तेव्हा दिसला. मागणाऱ्याला कण्हावे लागते, ओरडावे लागते, काच फोडावी लागते, तेव्हा खजिना उघडतो. ही दया झाली. व्रतात जे सांगितले होते ते कर्तव्य होते.

दीघनिकायातच पाचवे सुत्त, कूटदंत सुत्त, याच्या शेजारी ठेवून वाचावे. तिथे महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो आणि राज्यात चोर-दरोडेखोर माजलेले असतात. त्याचा पुरोहित सांगतो, मारून, बांधून हे संपणार नाही, जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी-बियाणे व चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. लोक आपापल्या कामात गुंततील, घराची दारे उघडी टाकून राहतील. पोराला मांडीवर नाचवतील, असेही तिथे म्हटले आहे. इथे देणे चोरीच्या आधी आहे आणि कामासाठी आहे. आमच्या राजाने दिले ते चोरीच्या नंतर, आणि पकडला गेला त्यालाच.

यावर राजाने काय केले? तो सुधारला नाही, उलटला. अशाने चोऱ्या वाढतील, यांचा समूळ नाश केला पाहिजे असे त्याने ठरवले. पुढच्या चोराचे हात मागे घट्ट बांधले, डोके भादरले, कर्कश नगारा वाजवत गल्लोगल्ली, चौकाचौकातून फिरवले आणि दक्षिण दरवाजाने बाहेर नेऊन शिरच्छेद केला. लोकांनी पाहिले आणि ते शिकले. त्यांनीही धारदार शस्त्रे करून घेतली. ज्याची चोरी करायची त्याचेच डोके उडवायचे, म्हणजे साक्षीदार उरणार नाही. गावे लुटली जाऊ लागली, वाटमारी सुरू झाली. राज्यात तलवार प्रथम राजाने काढली, प्रजेने नंतर.

येथून माणसाचे आयुष्य घटू लागते. ऐंशी हजारांचे चाळीस हजार झाले. मग चोर पकडला गेला की नाकबूल करू लागला. खोटे आले, आयुष्य वीस हजार. मग चहाड्या आल्या, दहा हजार. मग परस्त्रीची अभिलाषा, पाच हजार. मग कठोर बोलणे व वायफळ बडबड, कोणाचे अडीच हजार तर कोणाचे दोन हजार. लोभ आणि द्वेष, एक हजार. मिथ्या दृष्टी, पाचशे. असे उतरत उतरत आई-बाप, श्रमण, कुळातील वडीलधारी यांचा मान सुटला तेव्हा शंभरावर आले. म्हणजे सुत्ताच्या हिशोबाने आपण आहोत ते या पायरीवर.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही हिशोबात हुशार आहात म्हणून एक गोष्ट दाखवतो. प्रत्येक पायरीला सुत्त मागची सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून म्हणते. खोट्याचा दोष फक्त खोटे बोलणाऱ्यावर टाकून ते थांबत नाही. निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्य वाढले म्हणून चोरी, चोरीमुळे शस्त्र, शस्त्रामुळे हत्या, हत्येमुळे खोटे. दर वेळी पहिली कडी तीच. पाठांतरासाठी अशी पुनरुक्ती करतात हे आम्हाला मान्य आहे. पण पाठांतर करणारा भिक्खू हे इतक्या वेळा म्हणत असे, तेव्हा त्याच्या जिभेला कोणत्या शब्दाची सवय लागत असेल, याचाही विचार करावा. आज वस्तीत भांडण झाले, मुलगा व्यसनी झाला, की आपल्यातलेच चार शिकलेले लोक म्हणतात, यांना संस्कार नाहीत. सुत्त संस्कार नाकारत नाही, शीलाच्या ऱ्हासाची सगळी यादी ते देते. पण ती यादी कुठून सुरू होते हे विसरू देत नाही.

पुढे आयुष्य दहा वर्षांवर येईल असे भाकीत आहे. पाच वर्षांच्या मुली लग्नाच्या समजल्या जातील. तूप, लोणी, तेल, मध, गूळ, मीठ यांची चव नाहीशी होईल. आज जसा साळीचा भात उत्तम, तसे तेव्हा कुद्रूसक नावाचे हलके धान्य उत्तम जेवण ठरेल. (कोणी त्याला कोद्रा म्हणतात. हरीक आणि बर्टीवर पावसाळे काढलेल्या आमच्या आजीला त्या भविष्याची मुळीच भीती वाटली नसती. तिने ते पाहिलेच होते.) कुशल हा शब्दसुद्धा उरणार नाही, मग कुशल करणारा कुठला? आई, मावशी, गुरुपत्नी हा भेद राहणार नाही. आणि मग सात दिवसांचा शस्त्रकाळ येईल. माणसाला माणूस दिसणारच नाही, जनावर दिसेल. हातात आपोआप शस्त्रे येतील आणि हे जनावर, हे जनावर असे म्हणत ते एकमेकांना कापतील.

यात अद्भुत काय आहे? हातात आपोआप शस्त्र येणे एवढेच. बाकीचे आपण पाहिले आहे. ६ डिसेंबर १९९२ नंतरची मुंबई ज्यांना आठवते, त्यांना शेजाऱ्याचा माणूस असणे किती लवकर पुसले जाते हे वेगळे सांगायला नको. १९९४ साली आफ्रिकेतील रवांडात नभोवाणीवरून एका जमातीला झुरळे म्हणत म्हणत सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. सुत्तात जनावर म्हटले आहे, तिथे झुरळ म्हटले.

आणि आता ज्या भागासाठी आम्ही हा विषय घेतला, तो.

त्या सात दिवसांत काहींच्या मनात येते, आपण कोणाला मारू नये आणि आपल्यालाही कोणी मारू नये. ते गवतात, झाडीत, नदीकाठच्या अवघड जागी, डोंगरकपारीत जाऊन लपतात. कंदमुळे खाऊन सात दिवस काढतात. सात दिवसांनंतर ते बाहेर येतात, एकमेकांना पाहतात आणि मिठी मारतात. तू जिवंत आहेस, तू जिवंत आहेस, या आनंदाने एकमेकांना धीर देतात. या प्रसंगाइतके हलवून सोडणारे दुसरे चित्र आम्हाला दीघनिकायात तरी आठवत नाही. दहा वर्षांचे आयुष्य असलेली, उत्तम जेवण म्हणून हलके धान्य खाणारी, आई कोण हे न ओळखणारी ही माणसे. त्यांना कोणी धम्म सांगितलेला नाही. कुशल हा शब्द त्यांना ठाऊक नाही. आणि ते एकत्र बसून ठरवतात, वाईट वागल्याने आपले एवढे आप्त गेले, आता चांगले वागू. कुठून सुरू करायचे? हत्या थांबवू. आयुष्य दहाचे वीस होते. मग चोरी सोडतात, चाळीस होते. असे वाढत वाढत पुन्हा ऐंशी हजार.

इथे राजा कुठे आहे? नाही. मंत्री नाही, चक्र नाही, भिक्खूसुद्धा नाही. राष्ट्र मोडले ते सिंहासनावरून, आणि उभे राहते आहे ते गवतातून. हे आम्ही ओढूनताणून काढलेले नाही, कथेत तसेच आहे. शंख नावाचा चक्रवर्ती पुढे येतो, पण तो शेवटी येतो. लोकांनी ऐंशी हजारांपर्यंतची वाट चालून झाल्यावर येतो. तेव्हा वाराणसीचे नाव केतुमती असेल, गावे इतकी दाट असतील की कोंबडा एका गावातून उडाला तर दुसऱ्या गावात उतरेल. रोग तीनच उरतील, इच्छा, भूक आणि म्हातारपण. त्या काळी मेत्तेय्य बुद्ध होतील. शंख राजा महापनादाचा जुना प्रासाद उभा करील, त्यात राहील आणि मग तो श्रमणांना, दरिद्र्यांना, वाटसरूंना, याचकांना देऊन टाकून स्वतः प्रव्रज्या घेईल.

मात्र सुत्त एका ठिकाणी गप्प आहे, हे कबूल केले पाहिजे. पडण्याचे कारण धन न देणे हे होते. मग चढताना धन देण्याचा उल्लेख का नाही? लोक शील पाळतात आणि राष्ट्र वाढते, एवढेच आहे. दान दिसते ते शंख राजापाशी. आमच्या एका वयोवृद्ध सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की दहा वर्षे जगणाऱ्यांपाशी देण्यासारखे काय होते? सगळेच अधन होते. त्यांच्यापाशी एकमेकांना देण्यासारखे अभय तेवढे होते, ते त्यांनी दिले. हे उत्तर आम्हाला आवडते, पण ते सुत्तात लिहिलेले नाही, एवढे सांगून ठेवतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सुत्त बारकाईने वाचले होते. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या त्यांच्या निबंधात याच सुत्तातील उतारा त्यांनी घेतला आहे. निबंध त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणे मालेच्या तिसऱ्या खंडात, १९८७ साली, तो वाचकांना मिळाला. दारिद्र्यातून पाप कसे वाढत जाते हे बुद्धाने मार्क्सच्या किती आधी ओळखले होते, हे त्यांना तिथे दाखवायचे होते, आणि त्यावरचा उपाय बळजबरीचा नसावा हेही. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते याच विषयावर बोलले. पुढे सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

पण आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते १९४७ सालचे ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे त्यांचे निवेदन. शेतजमीन, मुख्य उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचा असावा, असे त्यात मांडले आहे. आणि हे साधे कायदे करून नव्हे, तर घटनेतच लिहून ठेवावे, म्हणजे उद्याच्या विधिमंडळातील बहुमताला ते मोडता येणार नाही. आता दळ्हनेमीच्या राष्ट्राकडे पाहा. सात राजांनी व्रत पाळले, आठव्याच्या मनात आले नाही, सगळे कोसळले. व्रत कुठे लिहिलेले नव्हते. ते राजाच्या मर्जीवर होते. बाबासाहेबांनी ती जागा अचूक हेरली असे आम्हाला वाटते. घटना समितीने त्यांची ती योजना मान्य केली नाही. जे उरले ते मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात गेले, जिथे न्यायालयात दाद मागता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात मात्र एकदा या वाटेने दोन पावले टाकली गेली. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव खणायला माणसे रस्त्यावर आली. त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. वि. स. पागे यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. काम मागेल त्याला काम, आणि तो त्याचा हक्क. त्या कामांवरचे हजेरीपट, उशिरा मिळणारी मजुरी, मुकादमांचे हात, हे सगळे आपल्यातल्या अनेकांच्या आईवडिलांनी भोगले आहे, त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण मजुराला आधी चोर व्हावे लागले नाही. २००५ साली देशभराचा कायदा झाला तो याच अनुभवावरून.

दुसऱ्यांविषयी इतके बोललो, आता घरचे. आपल्या संस्थेचा विद्यार्थी मदतनिधी आहे. दरवर्षी फलक लागतो, अर्ज करावेत. जो कार्यालयात चार खेपा घालतो, ज्याचे काका पदाधिकाऱ्यांच्या ओळखीचे आहेत, त्याला मिळते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने परीक्षा शुल्क नसल्यामुळे वर्ष सोडले. ती आपल्याच विहारात वंदनेला पहिल्या रांगेत बसत असे. तिने अर्ज केला नव्हता, कारण मागायला लाज वाटली. शिक्षण सुटल्याचे कळल्यावर आम्ही धावत गेलो, साडी-चोळी आणि पाकीट घेऊन. तिची आई काही बोलली नाही, चहा ठेवला. परत येताना आमच्यापैकी कोणीच बोलत नव्हते. चोराला धन देणारा राजा आम्हाला त्या रस्त्यावर पहिल्यांदा नीट समजला.

यंदापासून कार्यकारिणीने ठरवले आहे, की जूनच्या आधी प्रत्येक घरी आपण जायचे, अर्जाची वाट पाहायची नाही. ठराव झाला आहे, अंमल किती होतो ते पुढच्या स्मरणिकेत छापावे अशी आमची संपादक मंडळाला विनंती आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. पुराणात आणि यात फरक काय? ऐंशी हजार वर्षे आम्ही खरी मानत नाही, कोणी मानावीत असे सांगतही नाही. चक्र आकाशातून गेले हेही नाही. पुराणांतही सत्ययुगापासून कलियुगापर्यंत ऱ्हास आहे. पण तिथे तो काळाचा स्वभाव आहे, युग आले की धर्माचा एक पाय मोडतो. वर्णसंकर हे त्याचे मोठे लक्षण मानले आहे, शूद्राने पायरी सोडली ही तक्रार आहे, आणि शेवटी अवतार येऊन घडी बसवतो. इथे ऱ्हासाला तारीख नाही, कारण आहे. कारण माणसाने केलेले आहे, खजिन्यापाशी केलेले आहे, म्हणून माणसाला ते बदलता येते. वर्णसंकराचा इथे उल्लेखही नाही. घडी बसवतात ती गवतातून बाहेर आलेली माणसे. मेत्तेय्य बुद्धांची वाट पाहत बसणारे बौद्ध अनेक देशांत होऊन गेले, पण या सुत्तात तरी वाट पाहायला कोणालाच सांगितलेले नाही. भिक्खूंना आरंभी आणि शेवटी एकच सांगितले आहे, स्वतःचा आधार स्वतः व्हा, आपल्या क्षेत्रात राहा.

अशी राज्ये प्रत्यक्षात आणण्याचा यत्न कोणी केला का, असे विचाराल तर सम्राट अशोकाचे नाव येईल. कलिंगानंतर त्याने शस्त्राचा विजय सोडून धम्मविजय हा खरा विजय म्हटला, माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, रस्त्याला झाडे व विहिरी केल्या. त्याच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्याला सापडले आहेत. सुत्त आधीचे की अशोक आधीचा, यावर पंडितांत वाद आहे. तो आम्ही त्यांच्यावर सोडतो. चिनी दीर्घागमाचे भाषांतर इसवी सन ४१३ साली झाले, त्यातही ही कथा आहे, एवढे मात्र निश्चित. म्हणजे वेगवेगळ्या परंपरांच्या भिक्खूंना ती जपून ठेवावीशी वाटली. आंध्रातील जग्गय्यपेट येथील स्तूपावर चक्रवर्ती राजा आणि त्याची सात रत्ने कोरली आहेत. राजाने हात वर केला आहे आणि ढगातून चौकोनी नाणी पडत आहेत. शिल्पकाराने तो राजा तलवार उगारलेला दाखवला नाही.

विद्यार्थ्यांना एक सूचना. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापलेले पाली तिपिटक पाहावे. राहुल सांकृत्यायन आणि भिक्षू जगदीश काश्यप यांचा दीघनिकायाचा हिंदी अनुवाद १९३६ सालचा आहे, तोही वाचण्यासारखा आहे. पुढच्या रविवारी कूटदंत सुत्त घेणार आहोत. त्यानंतर या सुत्ताच्या लगेच पुढचे अग्गञ्ञ सुत्त, त्यात वर्णांची उत्पत्ती आहे. ज्या विद्यार्थ्याने गेल्या वर्षी प्रश्न विचारला, त्याला आम्ही कूटदंत सुत्ताचे पहिले वाचन करायला सांगितले आहे. त्याने मान्य केले, पण प्रश्न विचारण्याचा हक्क राखून ठेवला आहे.